चर्चएवढे वाद्य आणि घरातले स्पीकर

ऑर्गन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे येतो तो संगीत नाटकातला ऑर्गन. रंगमंचाच्या पुढ्यात, तबल्याच्या जोडीला ठेवलेला, पायांनी भाते चालवत वाजवायचा. जत्रेतल्या नाटकांना पहाटेपर्यंत बसणाऱ्या गोमंतकीय रसिकाला त्याचे सूर वेगळे ओळखून दाखवावे लागत नाहीत. पण हा लेख त्या ऑर्गनविषयी नाही, हे आधीच सांगून टाकतो. नाटकातला ऑर्गन हा आपल्या पेटीचा थोरला भाऊ. त्याच्या पोटात धातूच्या पातळ पट्ट्या असतात आणि वाऱ्याने त्या थरथरल्या की सूर निघतो. मी लिहिणार आहे ते नळ्यांच्या ऑर्गनबद्दल, ज्याला पाइप ऑर्गन म्हणतात त्याबद्दल. मुंबईत फोर्टमधल्या सेंट थॉमस कॅथेड्रलमध्ये असा ऑर्गन आहे. युरोपातल्या मोठ्या चर्चांतून तो भिंतीएवढा उभा असतो.

आणि हे एवढे वाद्य आज लोक घरातल्या खोलीत वाजवतात! संगणकात एखाद्या खऱ्या ऑर्गनच्या प्रत्येक नळीचा आवाज मुद्रित करून ठेवलेला असतो, समोर दोन-तीन स्वरपट्ट्या आणि पायाखाली पेडलांची रांग असते, आणि आवाज येतो तो स्पीकरमधून. याला व्हर्च्युअल पाइप ऑर्गन म्हणतात. हा छंद असणारी माणसे एकत्र आली की संगणकाविषयी थोडे बोलतात आणि स्पीकरविषयी फार. कुठे ठेवायचे, किती ठेवायचे, भिंतीकडे तोंड करून की आपल्याकडे. बाहेरच्याला हे खुळ वाटेल. पण या वादाच्या मागे जवळजवळ सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो मला ऑर्गनच्या सुरांइतकाच रंजक वाटतो.

आधी मूळ वाद्य समजून घेऊ. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या क्टेसिबिओस नावाच्या कारागिराने पाण्याच्या दाबावर चालणारा ऑर्गन बनवला, तिथून ही कथा सुरू होते. बुडापेस्टजवळ अक्विंकम इथे इ. स. २२८ मधल्या अशा एका रोमन ऑर्गनचे अवशेष १९३१ साली सापडले. पुढे तो बायझंटाईन दरबारात गेला, तिथून ७५७ साली फ्रँक राजा पेपिन याला भेट म्हणून पाठवला गेला आणि हळूहळू चर्चमध्ये स्थिरावला. तत्त्व मात्र तेच राहिले : एक नळी, एक सूर. बासरीवाला छिद्रे उघडझाक करून एकाच नळीतून सप्तक काढतो. ऑर्गनला तशी सोय नाही. त्याच्या नळीला एकच सूर ठाऊक. म्हणून प्रत्येक सुराला वेगळी नळी, आणि आवाजाचा रंग बदलायचा तर नळ्यांची आख्खी वेगळी रांग. पॅरिसच्या नोत्र दामच्या मोठ्या ऑर्गनला सुमारे आठ हजार नळ्या आहेत. अमेरिकेत अटलांटिक सिटीच्या सभागृहात १९२९ ते १९३२ या काळात बांधलेल्या ऑर्गनला तेहतीस हजारांहून जास्त.

या नळ्यांत काही शिसपेन्सिलीपेक्षा लहान, तर काही दुमजली घरापेक्षा उंच. ऑर्गनवाले नळ्यांची माप फुटांत सांगतात. आठ फुटांच्या उघड्या नळीतून सेकंदाला सुमारे ६५ कंपनांचा सूर निघतो, सोळा फुटी नळीतून ३३ आणि बत्तीस फुटी नळीतून अवघ्या १६ कंपनांचा. माणसाच्या कानाची खालची मर्यादा साधारण वीस कंपने धरतात. म्हणजे बत्तीस फुटी नळीचा शेवटचा सूर ऐकू येण्यापेक्षा जाणवतोच अधिक, पायाखालच्या फरशीतून आणि छातीच्या पिंजऱ्यातून.

दुसरी गोष्ट, वाद्य नळ्यांपाशी संपत नाही. कारागीर नळ्यांचे जिभाळे कापतो, वाऱ्याचा दाब ठरवतो, ते सारे त्या इमारतीत उभे राहून, कानाने ऐकत. दगडी भिंती आणि उंच घुमट सुराला पाच-सहा सेकंद धरून ठेवतात, आणि संगीतकाराने ते गृहीत धरूनच रचना केलेली असते. तेव्हा चर्च ही ऑर्गन ठेवायची जागा नव्हे, तो वाद्याचा भोपळाच म्हणायचा. आपल्या तंबोऱ्याचा भोपळा काढून घेतला तर काय उरेल, तसे.

मग ऑर्गनवादकाने घरी रियाज कसा करावा? विजेचे पंखे येण्यापूर्वी ऑर्गनला हवा पुरवायला भाते चालवणारी माणसे लागत. युरोपातल्या हिवाळ्यात चर्च म्हणजे बर्फघर. तिथे रोज चार तास बसायचे, भातेवाल्याला पैसे द्यायचे, हे कुणाला परवडणार? म्हणून घरात पेडल लावलेली दुसरी वाद्ये ठेवत. रोबर्ट शुमान या जर्मन संगीतकाराने १८४५ साली आपल्या पियानोला असे पेडल जोडून घेतले, आणि त्यात एवढा रमला की खास पेडल-पियानोसाठी रचनाच लिहिल्या. आवाज पियानोचा, हातपायांची सवय ऑर्गनची. घरातल्या ऑर्गनच्या बाबतीत ही पहिली तडजोड.

श्रीमंतांना तडजोड करायची नव्हती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एओलियन कंपनी अमेरिकेतल्या धनाढ्यांच्या घरांत खरेखुरे नळ्यांचे ऑर्गन बसवून देत असे. अँड्र्यू कार्नेगीच्या न्यूयॉर्कच्या हवेलीत एक होता. पिएर द्यु पाँ यांनी पेनसिल्वेनियात लाँगवुड इथल्या आपल्या बागेत १९३० साली बसवलेल्या ऑर्गनला तर दहा हजार दहा नळ्या. हे अर्थात राजेरजवाड्यांचे शौक. आपला विषय आहे तो साध्या घरातल्या, एका खोलीत वाद्य ठेवणाऱ्या माणसाचा.

त्या माणसाची सोय विजेने केली, पण विचित्र वळण घेऊन. थॅडियस केहिल नावाच्या अमेरिकन संशोधकाने १८९७ साली टेलहार्मोनियम नावाच्या यंत्राचे पेटंट घेतले. फिरत्या डायनामोंतून वेगवेगळ्या कंपनांची वीज काढायची आणि तिचा सूर करायचा, ही कल्पना. १९०६ साली न्यूयॉर्कमध्ये ते सुरू झाले तेव्हा त्या यंत्राचे वजन होते सुमारे दोनशे टन! इतके अवजड का? कारण तेव्हा अॅम्प्लिफायरच नव्हता आणि आजच्यासारखा लाऊडस्पीकरही नव्हता. दूर पोचेल एवढी ताकद त्या डायनामोंतूनच काढावी लागे. टेलिफोनच्या तारांतून तो सूर हॉटेलांत नि घरांत पोचवायचा आणि टेलिफोनच्या रिसीव्हरला कर्णा लावून ऐकायचा. शेजारच्या तारांवर बोलणाऱ्या लोकांच्या संभाषणात हे संगीत घुसू लागले आणि तक्रारी सुरू झाल्या. काही वर्षांत तो उद्योग बुडाला. माझ्या मते ही फार बोलकी घटना आहे. वीज सूर तयार करू शकते हे केहिलने दाखवून दिले होते. त्याच्याजवळ नव्हते ते सुराला हवेत सोडणारे तोंड.

ते तोंड आले १९२५ साली. जनरल इलेक्ट्रिकमधल्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी तारेच्या वेटोळ्याला जोडलेला कागदी शंकू हलवून आवाज काढण्याची रचना मांडली. आपल्या घरातल्या रेडिओपासून जत्रेतल्या मंडपापर्यंत आज जे स्पीकर आहेत, त्यातले बहुतेक अजून त्याच कुळातले. दहा वर्षांत, म्हणजे १९३५ साली, शिकागोच्या लॉरेन्स हॅमंडने आपला ऑर्गन बाजारात आणला. केहिलचीच फिरत्या चाकांची कल्पना, पण चाके हाताच्या तळव्यात मावतील एवढी, कारण आवाज मोठा करायचे काम आता अॅम्प्लिफायर आणि स्पीकर करणार होते. जॉर्ज गर्श्विनसारखा संगीतकार पहिल्या गिऱ्हाइकांत होता.

हॅमंड कंपनीने जाहिरात केली की नळ्यांच्या ऑर्गनच्या तोडीचे हे वाद्य आहे. किंमत मात्र तीन हजार डॉलरच्या आत. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने याला आक्षेप घेतला आणि प्रकरण सुनावणीला गेले. तेव्हा कंपनीने एक चाचणी घडवून आणली. शिकागो विद्यापीठाच्या रॉकफेलर चॅपेलमध्ये तिथला मोठा नळ्यांचा ऑर्गन आणि हॅमंड आलटून पालटून वाजवले आणि श्रोत्यांना ओळखायला सांगितले. श्रोत्यांत जाणकार संगीतज्ञ होते, विद्यार्थीही होते. बऱ्याच वेळा त्यांचा अंदाज चुकला किंवा त्यांना सांगताच आले नाही. १९३८ साली कमिशनने अतिशयोक्त दावे बंद करायला लावले, पण वाद्याला ऑर्गन म्हणायला हरकत घेतली नाही.

या चाचणीविषयी वाचताना लोक हॅमंडच्या यशाकडे बघतात. मी बघतो ते जागेकडे. चाचणी कुठे झाली? दगडी चॅपेलमध्ये. हॅमंडला भोपळा उसना मिळाला होता. तोच ऑर्गन कुणाच्या बैठकीच्या खोलीत ठेवला असता तर श्रोत्यांनी डोळे मिटून ओळखला असता.

हे मी नुसते तर्काने म्हणत नाही. अगदी असेच एका माणसाच्या बाबतीत घडले. कॅलिफोर्नियात डॉन लेस्ली नावाच्या तरुणाने १९३७ साली हॅमंड घेतला. दुकानाच्या मोठ्या दालनात तो त्याला भारदस्त वाटला होता, घरी आणल्यावर कोरडा आणि सपाट वाटू लागला. लेस्लीने हॅमंडला दोष दिला नाही, स्पीकरला दिला. त्याने विचार केला की नळ्यांच्या ऑर्गनमध्ये एकेक सूर वेगवेगळ्या जागेवरून येतो, बोटे हलतात तसा आवाजही इकडून तिकडे हलतो. इथे मात्र सगळे सूर एकाच भोकातून बाहेर पडतात. मग आवाजच हलवला तर? १९४० च्या सुमारास त्याने एका लाकडी पेटीत वर फिरता कर्णा आणि खाली फिरता ढोल बसवला. वरच्या जोडकर्ण्यातला एकच खरा, दुसरा नुसता तोल सांभाळायला. कर्णा कानाकडे येताना सूर किंचित चढतो, दूर जाताना उतरतो, आणि भिंतींवर आपटून खोलीभर पसरतो. लेस्लीने हा शोध हॅमंड कंपनीपुढे ठेवला. कंपनीने नाकारला. मग त्याने स्वतःच कारखाना काढला आणि हॅमंड घेणारा प्रत्येक जण लेस्लीची पेटी शोधू लागला.

गंमत अशी की लेस्लीला हवे होते चर्च, आणि जगाला मिळाला जॅझ. जिमी स्मिथसारख्या वादकांच्या हातात तो थरथरता, फिरता सूर एक नवेच वाद्य होऊन बसला. नळ्यांची नक्कल म्हणून फसलेला आणि तरीही अमर झालेला असा दुसरा स्पीकर मला ठाऊक नाही. पण त्याने मांडलेला प्रश्न बरोबर होता, आणि आजही घरात ऑर्गन लावणारा प्रत्येक जण तोच प्रश्न सोडवत असतो.

हा प्रश्न आपल्याला परका वाटू नये. मैफलीत गवयाच्या मागे दोन बाजूंना दोन तंबोरे असतात. दोन्ही एकाच स्वरात लावलेले, तरी केसाएवढा फरक राहतोच, आणि ते दोन नाद हवेत एकमेकांत मिसळतात. गवई त्या मिसळलेल्या नादाच्या आत बसलेला असतो. आता ऐंशीच्या दशकापासून घरोघर रुळलेली इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याची पेटी घ्या. रियाजाला सोयीची, स्वर न उतरणारी, सारे मान्य. पण तो नाद पुढ्यातल्या एका जाळीतून येतो, माणसाला वेढत नाही. दोन तंबोरे तारेत मिसळून एका स्पीकरमधून काढले आणि दोन तंबोरे हवेत मिसळले, यात फरक आहे, हे कान लगेच सांगतो. ऑर्गनमध्ये असे शेकडो तंबोरे एकदम बोलत असतात.

पुढची चाळीस वर्षे मी भराभर ओलांडतो. पेनसिल्वेनियातल्या अॅलन कंपनीने निर्वात नळ्यांच्या विद्युत-मंडलांवर चालणारे ऑर्गन केले, १९७१ साली अंकीय तंत्राचा पहिला ऑर्गन बाजारात आणला. कार्नेगी हॉलमध्ये १९७४ साली पाच स्वरपट्ट्यांचा इलेक्ट्रॉनिक ऑर्गन वाजला. नळ्यांचे कैवारी नाके मुरडत राहिले. त्यांची कुरबूर अगदीच चुकीची नव्हती, सूर फारच एकसारखे, धुतल्यासारखे स्वच्छ निघत.

खरा फरक पडला तो २००१ नंतर. न्यूयॉर्कमध्ये जुळे मनोरे कोसळले तेव्हा शेजारच्या ट्रिनिटी चर्चमध्ये धुळीचे लोट शिरले आणि तिथला नळ्यांचा ऑर्गन निकामी झाला. २००३ साली चर्चने त्याजागी मार्शल आणि ओगल्ट्री या कंपनीचा व्हर्च्युअल ऑर्गन बसवला. पुष्कळांना तो आवडला, पुष्कळांना तो अपमान वाटला, आणि काही वर्षांनी चर्चने पुन्हा खऱ्या नळ्यांचा ऑर्गन बांधून घ्यायचे ठरवले. पण एवढ्या मोठ्या, नावाजलेल्या चर्चमध्ये संगणक आणि स्पीकर यांच्या भरवशावर उपासना चालली, ही गोष्ट लहान नव्हे.

त्याच सुमारास, २००२ मध्ये, इंग्लंडमधल्या मार्टिन डाइड यांनी हाउप्टवेर्क नावाचा संगणक-कार्यक्रम काढला. या जर्मन शब्दाचा अर्थ ऑर्गनचा मुख्य विभाग. घरच्या संगणकावर चालणारा हा पहिला खऱ्या अर्थाने गंभीर ऑर्गन. नंतर ग्रँडऑर्ग नावाचा फुकट मिळणारा कार्यक्रमही आला. यातली रीत अशी : एखाद्या चर्चमध्ये रात्री, रस्त्यावरची रहदारी थांबल्यावर, मायक्रोफोन लावायचे आणि प्रत्येक रांगेतली प्रत्येक नळी एकेकटी वाजवून मुद्रित करायची. सूर सुरू होतानाचा फुस्स आवाज, मधला स्थिर भाग आणि पट्टी सोडल्यावर चर्चमध्ये विरत जाणारा शेवट, असे तिन्ही. सूर थोडक्यात सोडला तर विरणे वेगळे असते, लांबवून सोडला तर वेगळे, म्हणून शेवट दोन-तीन प्रकारे घ्यायचा. अशी हजारो ध्वनिमुद्रणे मिळून एक संच होतो. नेदरलँड्समधल्या झ्वोले इथला १७२१ चा श्निटगर घराण्याचा ऑर्गन, फ्रान्समध्ये काँ शहरातला कावाये-कोल यांचा १८८५ चा, इंग्लंडच्या सॉल्सबरी कॅथेड्रलमधला फादर विलिस यांचा, असे नामांकित ऑर्गन आज घरबसल्या वाजवता येतात.

म्हणजे नळी मिळाली, चर्चही मिळाले. उरला तो केहिलचाच प्रश्न : तोंड.

आणि इथे घरवाल्यापुढे पहिली निवड उभी राहते. संच दोन तऱ्हेचे असतात. 'ओले' संच म्हणजे चर्चचा घुमारा सुरातच मुद्रित केलेले. 'कोरडे' म्हणजे मायक्रोफोन नळ्यांच्या अगदी जवळ नेऊन, घुमारा टाळून घेतलेले. ओला संच असेल तर आवाजात चर्च आधीच आहे, त्यात तुमच्या खोलीने आपले बोलणे मिसळायचे नाही. तेव्हा दोन चांगले स्पीकर, कानांच्या उंचीवर, बसायच्या जागेशी समभुज त्रिकोण करून, जवळ ठेवायचे. खोलीत पडदे, गालिचा, पुस्तकांची कपाटे असली तर बरे. आपल्याकडच्या उघड्या भिंती आणि गुळगुळीत फरशीच्या खोल्या या कामाला वाईट. टाळी वाजवून बघा, खण्ण आवाज आला की समजा, काँचे चर्च आणि तुमची खोली एकमेकांवर बोलणार. मागचा घुमारा वेगळा मुद्रित केलेला असेल तर आणखी दोन स्पीकर पाठीमागे. मग मात्र डोळे मिटले की पाठीशी मोकळी जागा असल्याचा भास होतो.

कोरड्या संचाचे गणित उलटे. इथे स्पीकर म्हणजेच नळ्या. त्यांना जितकी तोंडे द्याल तितके थोडे. खऱ्या ऑर्गनमध्ये नळ्या बहुधा स्वरपट्टीच्या क्रमाने उभ्या नसतात. मोठ्या नळ्यांचा भार आणि देखावा दोन्ही बाजूंना सारखा व्हावा म्हणून एकाआड एक सूर डावी-उजवीकडे वाटून टाकतात, सा डावीकडे तर कोमल रे उजवीकडे, शुद्ध रे पुन्हा डावीकडे. घरातले जाणकार संगणकात हीच वाटणी करतात. शेजारशेजारचे सूर वेगळ्या स्पीकरला गेले की ते तारेत न मिसळता हवेत मिसळतात. शिवाय एका शंकूवर वीस-तीस नळ्यांचा भार पडला की तो गडबडतो. खालचा जाड सूर शंकूला मागेपुढे ढकलत असताना वरचा बारीक सूर त्याच शंकूवर स्वार झालेला असतो, तोही डगमगतो. लेस्लीने मुद्दाम केले ते इथे नको असताना होते. म्हणून कुणी चार स्पीकर लावतो, कुणी आठ, कुणी चोवीस. काही जण त्यांची तोंडे छताकडे किंवा भिंतीकडे वळवतात, म्हणजे आवाज थेट न येता पसरून येतो. सगळा घुमारा मग संगणकातून वेगळा घालायचा.

दोन्हींत श्रेष्ठ काय, यावर भांडणे होतात. माझे मत विचाराल तर लहान खोलीत ओला संच आणि चार स्पीकर. चोवीस स्पीकर हे मोठ्या दालनाचे काम. दहा बाय बाराच्या खोलीत ते लावणे म्हणजे देवळातला नगारा देवघरात टांगणे.

मात्र बत्तीस फुटी नळीपुढे सगळे सारखेच हतबल. हिशेब सरळ आहे. तेवढ्याच जोराने एक सप्तक खालचा सूर काढायचा तर शंकूला चौपट अंतर हलावे लागते. ६५ कंपनांवर जो शंकू एक मिलिमीटर हलतो, त्याला ३३ वर चार आणि १६ वर सोळा मिलिमीटर हलावे लागेल. साध्या स्पीकरचे ते काम नव्हे. म्हणून खर्जासाठी वेगळा मोठा स्पीकर, सबवूफर, ठेवावा लागतो. कानाला इतक्या खालच्या सुराची दिशा कळत नाही, त्यामुळे तो कुठेही ठेवता येतो असे म्हणतात, आणि ते अर्धेच खरे आहे. दिशा कळत नसली तरी खोली आपला हिसका दाखवते. चार मीटर लांबीच्या खोलीत ४३ कंपनांच्या आसपासचा सूर दोन भिंतींमध्ये उभा राहतो. भिंतीशी तो गर्जतो आणि खोलीच्या मध्यावर जवळजवळ नाहीसा होतो. वादक पेडलवर एकेक सूर घेत खाली उतरतो, मधलाच एक सूर कपाटे हलवतो आणि त्याच्या शेजारचा गायब! यावरचा उपाय मजेदार आहे. सबवूफर उचलून वादकाच्या बाकाच्या जागी ठेवायचा, खर्जाचा सूर चालू करायचा आणि आपण खोलीभर जमिनीलगत कान नेत फिरायचे. जिथे सगळे सूर सारखे ऐकू येतील तिथे सबवूफरची जागा. घरातल्या माणसांनी हे पाहिले तर काय म्हणतील ते म्हणोत.

शेजाऱ्यांचा प्रश्न वेगळाच. खर्ज भिंतीला जुमानत नाही. मजल्यावर मजले असलेल्या इमारतीत राहणाऱ्याने बत्तीस फुटी नळीचा मोह हेडफोनवर भागवावा, आणि हेडफोनमध्ये ती फरशीतून येत नाही.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कुणीही विचारील. युरोपात चर्चे बंद पडताहेत, विकली जाताहेत, त्यांतले ऑर्गन निराधार होताहेत. आगीही लागतात. नोत्र दामचा ऑर्गन २०१९ च्या आगीतून वाचला, शिशाची धूळ पुसून त्याच्या नळ्या पुन्हा लावल्या गेल्या आणि डिसेंबर २०२४ मध्ये तो परत बोलला. नाँत शहरातल्या कॅथेड्रलच्या ऑर्गनचे नशीब तसे नव्हते. १६२१ साली बांधलेले ते वाद्य फ्रेंच राज्यक्रांतीतून तगले, दुसऱ्या महायुद्धातल्या बाँबहल्ल्यातून तगले, १९७२ च्या आगीतून माणसांनी ते वाचवले, आणि १८ जुलै २०२० च्या सकाळी लावलेल्या आगीत ते जळून गेले. जे ऑर्गन नळीनळीने मुद्रित झाले आहेत त्यांचा निदान आवाज राहील. तो राहील एखाद्या डिस्कवर, आणि ऐकू येईल तो कुणाच्या तरी खोलीतल्या स्पीकरमधून, जितका बरा तो लावला असेल तितकाच. दुसरे असे की ऑर्गन शिकू पाहणाऱ्या, पण आसपास शंभर कोसांत नळ्यांचा ऑर्गन नसलेल्या मुलाला शुमानसारखे पियानोवर भागवावे लागत नाही. आपल्या इगर्जींतून आज बहुतेक ठिकाणी साधा कीबोर्ड असतो. त्यावर बसणाऱ्या एखाद्या मुलाला बाखची रचना श्निटगरच्या सुरात वाजवता येणे, हे वीस-पंचवीस वर्षांपूर्वी अशक्यच होते.

चांगल्या संचांत आणखी एक गोष्ट मुद्रित केलेली असते. पंख्याची घरघर, भात्यात हवा भरताना येणारा लाकडाचा करकर आवाज, पट्टी दाबल्यावर आतल्या दांड्यांचा खट्ट. हे सगळे बंद करायची सोय असते. पण बरेच जण ते चालू ठेवतात. त्यामुळे संगणक सुरू झाला की स्पीकरमधून पहिल्यांदा सूर येत नाही, तीनशे वर्षांपूर्वीच्या भात्यात भरणारा वारा ऐकू येतो, आणि मग वादक बाकावर सरसावून बसतो.